ती परत कशाला गेली

डायनासोरचे एकूण पाच सिनेमे निघाले. त्यातला पहिला तेवढा खरा आणि बाकीचे चार नुसते मागून जोडलेले, असं आम्रपाली कासारेचं ठाम मत होतं. सिनेमांना लांबलचक इंग्रजी नावं होती, पण महाडात त्यांना त्या नावांनी कुणी ओळखत नसे. पहिला, दुसरा, तिसरा, एवढंच. पहिला आला तेव्हा आम्रपाली, निषाद आणि सुहास पाचवीत एका वर्गात होते. तिघांनी तो हिंदीतून, टॉकीजच्या सगळ्यात पुढच्या बाकावर बसून पाहिला, आणि तिघांची मैत्री त्या बाकावरच झाली.

आता निषाद महाडला वडिलांचं औषधांचं दुकान सांभाळत होता. सुहास एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. आम्रपाली पोलादपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिघांची लग्नं झाली, केस पिकायला लागले, पण थंडीतल्या एखाद्या रविवारी ते अजून जवळच्या सव गावी जात, गरम पाण्याच्या कुंडापाशी पाय सोडून बसत आणि त्याच विषयावर वाद घालत.

निषादला सगळेच भाग आवडत. तिसरा तर फारच, कारण त्यात जनावर शहरात येतं. गेल्या वर्षीची गणपतीची आरास छान झाली म्हणून यंदा मखर करायचंच नाही का, असं तो विचारायचा. सुहास दोघांच्या मधे असे. ऊस चरकात दुसऱ्यांदा घातला तरी रस निघतो, फक्त लिंबू जास्त पिळावं लागतं, हे त्याचं म्हणणं. आम्रपाली मात्र हटत नसे. पहिल्या सिनेमात जनावर सगळं मिळून अकरा मिनिटं दिसतं, हे तिने घड्याळ लावून मोजलं होतं. न दिसण्यातच त्याची भीती आहे, पुढच्या भागांत नुसते दात वाढवलेत, असं ती म्हणे. पण तिचा खरा राग होता तो दुसऱ्या भागावर. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यातून एक शास्त्रज्ञ बाई कशीबशी जीव वाचवून हेलिकॉप्टरने सुटते, तिथे पहिला भाग संपतो. आणि दुसऱ्या भागात तीच बाई आपल्या पायांनी परत त्याच खोऱ्यात जाते.

"कशाला?" आम्रपाली दर वेळी विचारायची. "सिनेमावाल्यांना दुसरा भाग काढायचा म्हणून. नाहीतर शहाणं माणूस परत जात नाही."

त्या जानेवारीत सहावा भाग येणार असल्याची बातमी आली आणि वाद नव्याने पेटला. तेव्हा सुहासने तोडगा काढला. आपण तिघांनी हे लहानपणी बघितलंय, आपलं मत काही कामाचं नाही. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही अशा माणसांना पहिला दाखवू आणि पुढचं बघावंसं वाटतं का ते त्यांनाच विचारू. आम्रपालीला ते एकदम पटलं. अशी माणसं तिच्या शाळेच्या आसपास भरपूर होती. निषादकडे प्रोजेक्टर होता. फक्त ती त्याच्या दुकानातून निघताना त्याने तिला विचारलं, "पहिलाच दाखवायचा, नक्की ना?" तो आपल्या बाजूने काहीतरी खुसपट काढतोय असं तिला वाटलं. नक्की म्हणजे नक्की, असं सांगून ती निघून आली.

शाळा होती सावरीच्या कोंडातली. कोंड म्हणजे डोंगराच्या पदरातली चौदा घरांची वाडी. आता तो तिथे नव्हता. एकवीस सालच्या जुलैमध्ये, महाडात पाणी शिरलं त्याच दिवशी दुपारी, वरचा कडा सुटला आणि कोंडातली पाच घरं गेली. सात माणसं गेली. उरलेली माणसं आधी दीड वर्षं पत्र्याच्या खोल्यांत राहिली, मग हमरस्त्यापासून जवळ त्यांना पक्की घरं मिळाली. शाळाही तिथेच आली, समाजमंदिराला लागून. करोनामुळे शाळा बंद होती, तरी आम्रपाली त्या दिवशी मुलांच्या वह्या तपासायला कोंडावर जाणार होती. सावित्री नदीचं पाणी चढलं म्हणून तिला महाडच्या घरातून निघता आलं नाही. पुढे बदलीची संधी आली तेव्हा तिने ती घेतली नाही. खाली आलेल्या मुलांना तिने मन लावून शिकवलं. मात्र कोंडावर ती पुन्हा कधी गेली नाही. कुणी जाऊ म्हटलं तर तिला त्या दिवशी काहीतरी काम असायचं.

शनिवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी लावल्या आणि सिनेमा सुरू झाला. मुलं पुढे, बायका मागे, पुरुष भिंतीला टेकून. रखमा शेडगे म्हणून सत्तरीला टेकलेली बाई होती, ती आम्रपालीच्या शेजारी येऊन बसली. कोंडातलं तिचं घर त्या पाचांमधलं. सून मंजुळा आणि आठ वर्षांचा नातू सार्थक, दोघं त्यात गेली. सार्थक आम्रपालीच्या वर्गात होता, तिसरीत. रखमा त्या दिवशी डोळे दाखवायला पोलादपूरला लेकीकडे गेली होती आणि मुलगा चांगू मुंबईला कामावर होता, म्हणून ते दोघं वाचले.

पहिला तास छान गेला. जनावराचं नुसतं श्वास घेणं ऐकू आलं तेव्हा मुलं एकमेकांना चिकटली. आम्रपालीने मागे वळून निषादकडे बघितलं, म्हणजे आता बोल, अशा अर्थाने. निषाद तिच्याकडे बघत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. आणि तिला आठवलं.

पुढे डोंगर येतो. पाऊस सुरू असतो, शास्त्रज्ञ बाई पाणी आणायला गेलेली असते, आणि मागे तिचा नवरा ज्या तंबूत झोपलेला असतो त्याच्यावर सगळी दरड येते. हे ती विसरली नव्हती. उलट हे दृश्य किती चांगलं घेतलंय ते तिने वीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. पण एकवीस सालानंतर तिने तो सिनेमा पाहिला नव्हता, आणि पडद्यावरची दरड आणि कोंडावरची दरड या दोन गोष्टी तिच्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नव्हत्या. निषादने काय विचारलं होतं ते तिला आता कळलं.

ती प्रोजेक्टर बंद करायला उठली. रखमाने तिचं मनगट धरलं.

"बसा, बाई. चालू दे."

"रखमाबाई, पुढे..."

"समजला मला. चालू दे."

डोंगर आला. आवाज फार मोठा होता. सभागृहात कुणी हललं नाही, कुणी रडलं नाही. एक बाई उठून बाहेर गेली आणि थोड्या वेळाने परत येऊन आपल्या जागी बसली. रखमाने मनगट सोडलं नव्हतं. त्यानंतरचा सिनेमा आम्रपालीने पाहिला नाही, ती आपले गुडघे बघत होती. शेवटी हेलिकॉप्टर उडालं, खोरं लहान लहान होत गेलं आणि नावं सुरू झाली.

कुणीच उठलं नाही.

"मंग?" रखमा म्हणाली.

"संपला," आम्रपालीने सांगितलं.

"संपला कसा? तिचा माणूस खाली हाय ना अजून."

 सिनेमा तिथेच संपतो, बाई सुखरूप बाहेर पडते, असं आम्रपाली काहीतरी म्हणाली. रखमाने मान हलवली. "भायेर पडली ता ठीक. पन ती परत यील. यवंदा नाय तर फुडल्या साली यील." आजूबाजूच्या बायकांनीही तेच म्हटलं. त्यांना त्यात वाद घालण्यासारखं काही दिसत नव्हतं. दुसरा भाग आहे आणि त्यात ती परत येते, हे सुहासने सांगितलं तेव्हा तो पुढच्या शनिवारी आणायचा हे तिथल्या तिथे ठरलं.

 परतताना गाडीत आम्रपालीने निषादला विचारलं, तू स्पष्ट का नाही बोललास? त्याने सांगितलं, "तुझ्यासमोर त्या दिवसाचा विषय काढायचा नाही, हे मी आणि सुहासने केव्हाच ठरवलंय. तू काढू देत नाहीस."  वाटेत सुहासने चहाला गाडी थांबवली, तेव्हा ती खाली उतरली नाही.

पुढच्या शनिवारी दुसरा भाग लागला. तो आम्रपाली म्हणत होती तितकाच वाईट होता. जनावरं खेळण्यातली वाटत होती, संवाद ओठांच्या आधी ऐकू येत होते, आणि सिनेमा संपला असं वाटावं अशा तीन जागा येऊन गेल्या तरी तो संपत नव्हता. मुलं नको तिथे हसली. सर्वांत मोठं जनावर आलं तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला की याला खाऊ कोण घालतो. पण मध्ये एक सात-आठ मिनिटांचा तुकडा होता. ती बाई दरड पडली होती तिथे येते. तिथे काहीच नसतं. गवत वाढलेलं असतं, एक ओहोळ वाहत असतो. ती इकडून तिकडे चालते, तंबू कुठे होता ते तिला नक्की सांगता येत नाही, शेवटी एका दगडावर बसून डबा उघडते आणि खाते. आम्रपालीने हा तुकडा नेहमी रटाळ म्हणून पुढे ढकलला होता. आता सगळं सभागृह तो श्वास रोखून बघत होतं.

चांगू त्या दिवशी आला होता. पहिल्या वेळी तो फिरकला नव्हता. दाराशी उभा राहून त्याने तेवढा तुकडा पाहिला आणि निघून गेला.

सिनेमा झाल्यावर रखमाने आपलं मत दिलं. बाईचं सगळं बरोबर आहे, ते मोठं जनावर उगाच घेतलंय. मग सगळे पांगल्यावर ती आम्रपालीजवळ आली. कोंडावर जायचंय, म्हणाली. साडेतीन वर्षं झाली, चांगू जाऊ देत नाही. वाट राहिली नाही, तुझे गुडघे चालायचे नाहीत, तिथे बघायला काय आहे, असं करत टाळतो. "तुमी येताव का माज्याबरोबर? तुमी बाई हाव, तुमाला तो काय बोलायचा नाय."

आम्रपालीच्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं. शाळेची तपासणी होती, ते खरंही होतं. पण रखमा तिच्याकडे बघत उभी होती.

"येते," ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी दोघी निघाल्या. चांगू नेमका घरी नव्हता. वाट होती, आणि चांगली मळलेली होती, याचं आम्रपालीला नवल वाटलं. रखमा दर वीस पावलांवर थांबे, काठीवर भार देई, आणि कुठल्या वळणावर काय होतं ते सांगे. आम्रपालीला त्यातलं बरंच आठवत होतं. सात वर्षं ती रोज हा डोंगर चढली होती.  शेवटच्या वळणाआधी ती मुद्दाम चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून खाली बसली.

"भिताव?" रखमाने विचारलं.

"हो."

"मी पन. चला."

वळण ओलांडलं आणि दोघी थांबल्या. कड्यावर लाल मातीचा उभा ओरखडा तसाच होता. डावीकडे शाळेची इमारत उभी होती, पण तिचे पत्रे, खिडक्या, दार, सगळं लोकांनी खाली नेऊन वापरलं होतं. आणि उजवीकडे, जिथे पाच घरं होती त्या मातीवर, वालाचं शेत होतं. गुडघ्याएवढे वेल, शेंगांनी लगडलेले, नीट ओळीत. कडेला काट्यांचं कुंपण, एका कोपऱ्यात पाण्याचं निळं पिंप.

 रखमा कुंपणाच्या फटीतून आत गेली. वाकून तिने एक शेंग तोडली, सोलली, दाणा जिभेवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. आम्रपालीला वाटलं तिला चक्कर येतेय. तिने जाऊन दंड धरला.

"हे आमच्या घरातले वाल हायत," रखमा म्हणाली.

तिला काय म्हणायचंय ते आम्रपालीला लगेच कळलं नाही. मग रखमाने सांगितलं. गेली दोन वर्षं दर शिमग्याच्या सुमाराला चांगू घरात वालाचं पोतं आणतो. मामाने दिले म्हणतो. तिने त्याचं बिरडं केलं, लेकीला दिलं, शेजारी वाटलं. आम्रपालीलाही एकदा डबाभर दिले होते. चव ओळखीची लागते, एवढं तिला वाटायचं, पण भावाचं गाव तरी कितीसं लांब, मातीही तीच, म्हणून तिने कधी विचारलं नाही.

त्या दोघी तिथेच बांधावर बसल्या. थोड्या वेळाने खालून पावलं वाजली. चांगू येत होता, खांद्यावर कोयता आणि हातात रिकामा डबा. आईला बघून तो शेताबाहेरच थांबला. पस्तिशीचा दणकट माणूस, पण चोरी सापडलेल्या मुलासारखी त्याने मान खाली घातली.

"माज्यापासना लपवलास?" रखमाने विचारलं.

"तू आली असतीस."

"आले असतेच."

"म्हनून," चांगू म्हणाला. मग आईकडे न बघता तो आम्रपालीला सांगू लागला, जणू तिला हिशेब द्यायचा होता. पहिल्या वर्षी तो नुसता येऊन बसायचा. मंजुळा आणि सार्थक सापडले होते, सगळे विधी झाले होते, तरी त्याला खाली झोप लागत नव्हती. मुंबईची नोकरी सुटली. इथे येऊन बसलं की बरं वाटायचं, पण हात रिकामे राहायचे. एकदा तो खिशात वालाचे दाणे घेऊन आला. पावसात तो येत नाही, कड्याचा भरवसा नाही. भात निघाल्यावर ओल असते तेवढ्यात पेरतो. आईला आणलं तर ती रडेल आणि आपल्यालाही रडू येईल, आणि मग इथे काम करता येणार नाही, अशी त्याला भीती होती.

रखमा रडली नाही. तिने विचारलं की इतके दाट कशाला पेरलेस, वेलांना हवा नको का. चांगूने सांगितलं की दाणे जास्त होते. मग ती उठली, काठी बाजूला ठेवली आणि ओळीत शिरून पिवळी पानं काढायला लागली. चांगू दुसऱ्या टोकाला गेला. बराच वेळ दोघं आपापल्या टोकाने पुढे सरकत राहिले, आणि शेताच्या मध्यावर आले तेव्हा रखमाने पदराने त्याचा चेहरा पुसला. एवढंच.

आम्रपाली उठून शाळेकडे गेली. उंबऱ्यावर उभी राहिली. आत गवत होतं आणि शेळ्यांच्या लेंड्या. आपल्याला काहीतरी भयंकर दिसेल, असं ती इतकी वर्षं समजून चालली होती. तसं तिथे काही नव्हतं. ती आत जाऊन जिथे तिची खुर्ची असायची त्या जागी थोडी बसली आणि तिथे तिला रडू आलं, तेही फार वेळ नाही.

निषादला हे सगळं तिने फोनवर सांगितलं. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं, आणि शेवटी न राहवून विचारलंच, म्हणजे दुसरा भाग चांगला आहे, हे तुला मान्य? नाही, ती म्हणाली, सिनेमा टुकार आहे. पण ती आठ मिनिटं नसती तर पहिला अर्धाच राहिला असता. निषादने तेवढ्यावर समाधान मानलं. उत्साहाच्या भरात त्याने खालच्या नव्या वसाहतीत तिसरा दाखवायचा बेत केला. रखमाने विचारलं, त्यात ती बाई आहे का? नाही, निषादने सांगितलं, त्यात जनावर शहरात येतं. मग नको, म्हणाली, पोरांना पाहिजे तर दाखवा, आम्हाला कामं आहेत.

कामं खरोखरच होती. मार्चमध्ये वाल वाळले तेव्हा चांगूबरोबर चार घरांतली माणसं कोंडावर गेली. आम्रपालीने मुलांच्या घरून परवानगी घेतली आणि वर्ग घेऊन तीही गेली. यातली निम्मी मुलं दरडीच्या वेळी दोन-तीन वर्षांची होती. त्यांना कोंड आठवतच नव्हता. ती त्यांना दाखवत चालली, इथे पाणवठा, इथे वीराचा दगड, इथे आपली शाळा. शेताच्या कडेला आल्यावर पहिलीतल्या एका मुलीने विचारलं की इथे कुणाचं घर होतं.

"सार्थकचं," आम्रपाली म्हणाली. ते नाव तिने साडेतीन वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. वेल उपटणाऱ्या रखमाने मान वर करून बघितलं.

"हुशार होता?" मुलीने विचारलं.

आम्रपालीने खरं ते सांगितलं. पाढे त्याला यायचे नाहीत, सातच्या पुढे गाडी अडायची. पण कुठल्या झाडावर कुठलं घरटं आहे ते त्याला पाठ असायचं, आणि मधल्या सुट्टीत तो मला दाखवायला न्यायचा.

"कुठं?" मुलीने विचारलं, आणि आम्रपाली तिला घेऊन ओहोळाच्या बाजूला, झाडांकडे चालायला लागली.